फवाऱ्यातला सारखा थेंब

फवारणीच्या थेंबाचे माप मायक्रॉनमध्ये घेतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, पावसाचा नेहमीचा थेंब एक-दोन हजार मायक्रॉनचा. डाळिंबाच्या बागेत नोझलमधून जो फवारा बाहेर पडतो त्यात २० मायक्रॉनच्या धुक्यापासून ५००-६०० मायक्रॉनच्या टपोऱ्या थेंबांपर्यंत सगळे एकाच वेळी असते. औषध एक, पाणी एक, नोझलही एक. पण प्रत्येक आकाराच्या थेंबाचे पुढे जे होते ते वेगळे.

थेंबाचा व्यास निम्मा झाला की त्याचे आकारमान आठव्या हिश्श्यावर येते. एक मिलिलिटर द्रावण ४०० मायक्रॉनच्या थेंबांत फोडले तर सुमारे ३० हजार थेंब होतात, २०० मायक्रॉनच्या थेंबांत फोडले तर २ लाख ३९ हजार आणि १०० मायक्रॉनच्या थेंबांत फोडले तर १९ लाख. पानावर औषध किती ठिकाणी टेकणार हे या आकड्यांनी ठरते. उलट बाजूने पाहिले तर ४०० मायक्रॉनचा एक थेंब १०० मायक्रॉनच्या ६४ थेंबांचे औषध एकटाच घेऊन जातो. तो पानावरून घरंगळला की त्या ६४ जागांचे औषध मातीत गेले.

मग सगळेच थेंब बारीक का करू नयेत, याचे उत्तर हवेत आहे. स्थिर हवेत २०० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला साधारण ७० सेंटिमीटर खाली येतो, १०० मायक्रॉनचा २७ सेंटिमीटर आणि ५० मायक्रॉनचा जेमतेम ७-८ सेंटिमीटर. शिवाय थेंब वाटेत आटतो. हवा ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ५० टक्के असताना पाण्याचा २०० मायक्रॉनचा थेंब मिनिटभराहून थोडा जास्त टिकतो, १०० मायक्रॉनचा १६ सेकंद आणि ५० मायक्रॉनचा फक्त ४ सेकंद. वारा ताशी १० किलोमीटर असेल तर त्या ४ सेकंदांत हा बारीक थेंब ११ मीटर पलीकडे गेलेला असतो. डाळिंबाच्या दोन ओळींतले अंतर साडेचार मीटर धरले, तर ज्या झाडासाठी तो सुटला ते झाड दोन ओळी मागे राहिले. पाणी उडून गेल्यावर औषधाचा जो कोरडा कण उरतो तो आणखी पुढे जातो, शेजाऱ्याच्या घासावर, गोठ्यावर, विहिरीवर.

अहिल्यानगर जिल्ह्यात वारा आणि फवारणीचा हंगाम एकाच वेळी येतात. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा, धरलेल्या बागेत जून ते ऑगस्ट या महिन्यांत फवारण्या दाट होतात, कारण तेल्या हा जिवाणूजन्य रोग आणि बुरशीचे रोग दमट हवेत फैलावतात. आणि पश्चिमेचा जोरदार वाराही याच महिन्यांत वाहतो. पारनेर तालुक्यात सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्याच्या भरवशावर. आंबे बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या, बागेत अडचण दुसरी. तिथे फवारणी उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि उन्हाळ्यात येते, हवा कोरडीठाक असते, आणि दुपारी मारलेल्या औषधातला बारीक भाग पानापर्यंत पोहोचण्याआधीच आटतो. म्हणून बागेत वर्षानुवर्षे काम केलेली माणसे सकाळी उजाडताच पंप सुरू करतात आणि नऊ-दहाच्या सुमारास थांबवतात. त्यामागचे मायक्रॉनचे गणित त्यांनी मांडलेले नसते. पण दुपारी मारलेले औषध लागत नाही, हे त्यांनी बागेतच पाहिलेले असते.

राहाता, संगमनेर, पारनेर या तालुक्यांत डाळिंब पसरले ते मुख्यतः भगवा या वाणाच्या जोरावर. मृदुला, आरक्ता आणि भगवा हे वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिले. डाळिंबाचे झाड म्हणजे खरे तर झुडूप. बुंध्यापासून अनेक फांद्या, आत दाटी, काटे आणि लहान चकचकीत पाने. बाहेरून मारलेल्या फवाऱ्याचा मोठा भाग पहिल्या पानांवरच अडकतो. तेल्याचे जिवाणू मात्र आतल्या फांद्यांवर, फळाच्या देठाशी आणि दोन फळे जिथे एकमेकांना टेकतात तिथेही असतात. मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणासारखे औषध आंतरप्रवाही नाही. ते जिथे पडते तिथेच संरक्षण देते, आणि जिथे पडत नाही तिथे रोगाला वाट मोकळी राहते. अशा स्पर्शजन्य बुरशीनाशकासाठी पानाच्या दर चौरस सेंटिमीटरवर ५० ते ७० थेंब पडावेत असा संकेत आहे. कीटकनाशकाला २० ते ३० पुरतात. ही दाटी मोठ्या थेंबांनी साधायची तर पाणी इतके लागते की पान भिजून ओघळू लागते. फार बारीक थेंबांनी साधायची तर निम्मे बागेबाहेर जातात. म्हणून साधारण १५० ते २५० मायक्रॉनच्या पट्ट्यात जितके जास्त थेंब बसवता येतील तितके बसवणे, हेच फवारणीतले खरे कसब.

कांद्याची गोष्ट निराळी. पारनेर, राहुरी, नेवासा भागात कांद्याची पात उभी, गोल आणि मेणचट असते. मोठा थेंब तिच्यावर आदळून उडतो किंवा सरळ खाली घसरतो. फुलकिडे तर पातीच्या बेचक्यात, अगदी आतल्या कोवळ्या पानांत दडलेले असतात. तिथे थोडा ओघळ उपयोगी पडतो. द्रावणात स्टिकर, म्हणजे ते पसरवून पानाला धरून ठेवणारे द्रव्य, असेल तर द्रावण पातीला धरून हळूहळू बेचक्यात उतरते. डाळिंबात जो ओघळ नुकसानीचा, तोच कांद्यात काही प्रमाणात कामाचा. त्यामुळे दोन्ही पिकांना एकच नोझल लावून एकाच दाबाने औषध मारणाऱ्याला एका पिकात तरी कमी परिणाम मिळतो.

आता हे थेंब बनतात कसे ते पाहू. नोझल थेंब कापून देत नाही. ते द्रावणाचा पातळ पडदा तयार करते. पोकळ शंकूच्या नोझलमध्ये आत एक भोवरा-चकती असते. द्रावण तिच्यातून गरगरत बाहेर येते आणि शंकूच्या आकाराचा पडदा पसरतो. पंखा नोझलमध्ये तो पडदा सपाट असतो. नोझलपासून दोन-चार सेंटिमीटरवर पडदा इतका पातळ होतो की त्यात लाटा उठतात, भोके पडतात आणि त्याच्या चिंध्या होतात. प्रत्येक चिंधी म्हणजे द्रावणाचा एक बारीक धागा, आणि त्या धाग्याचे थेंब होतात.

धागा तुटण्याचे शास्त्र जुने आहे. बेल्जियन शास्त्रज्ञ जोसेफ प्लॅटो यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवले की द्रवाच्या गोल धारेवरची लाट धारेच्या परिघापेक्षा लांब असेल तर ती वाढत जाते आणि धार तुटते. पृष्ठताण तिला थेंबांकडे ओढतो. पुढे १८७८ मध्ये लॉर्ड रॅले यांनी कोणती लाट सर्वांत वेगाने वाढते ते गणिताने काढले. ती धारेच्या व्यासाच्या साधारण साडेचारपट लांब असते, आणि तिच्यातून होणारा थेंब धारेच्या व्यासाच्या जवळजवळ १.९ पट जाड असतो. म्हणजे धागे सगळे एका जाडीचे असतील तर थेंबही जवळपास एका मापाचे होतील. नोझलच्या पडद्यातून निघणारे धागे मात्र कधीच एका जाडीचे नसतात. काही पडद्याच्या कडेचे, जाड. काही मधल्या पातळ भागाचे. शिवाय दोन मोठ्या थेंबांमधला बारीक दुवा तुटताना त्याचाही एक छोटा थेंब होतो. नव्या, उत्तम नोझलच्या फवाऱ्यातही इतके वेगवेगळे आकार दिसतात ते यामुळे. ही यंत्राची खोट म्हणता येणार नाही. पडदा फोडून थेंब करण्याच्या पद्धतीचीच ही मर्यादा आहे.

या मर्यादेत राहून जे हातात उरते ते दाब, नोझलची स्थिती आणि पाणी.

दाबाबद्दल शेतात दोन समजुती घट्ट आहेत. एक म्हणते, झाड न्हाऊन निघाले पाहिजे. दुसरी म्हणते, धूर निघाला पाहिजे. एचटीपी पंपाला दोन्ही जमतात, म्हणून दोन्ही टिकून आहेत. ट्रॅक्टरवर किंवा इंजिनवर चालणारा हा पंप २० किलो प्रति चौरस सेंटिमीटर आणि त्याहून जास्त दाब देतो. पाठीवरचा पंप दोन-तीन किलोवर चालतो. नोझलमधून बाहेर पडणारे द्रावण दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट द्रावण हवे असेल तर दाब चौपट करावा लागतो. पाणी लवकर संपावे, काम लवकर उरकावे म्हणून दाब वाढवला की द्रावण थोडेच वाढते. वाढलेली बाकीची ताकद पडदा आणखी बारीक फोडण्यात जाते. धुके दाट दिसते, काम जोरात चालल्यासारखे वाटते, आणि पानावर पोहोचणारे औषध कमी होते.

या पंपाच्या नळीला लावलेल्या, हातात धरायच्या गनच्या बाबतीत तर थेंबाचा आकार माणसाच्या मनगटावर आहे. मूठ एका बाजूला फिरवली की लांब धार, दुसऱ्या बाजूला फिरवली की रुंद शंकू. लांबच्या फांदीसाठी धार करायची, जवळच्यासाठी शंकू. चांगला फवारणारा दिवसभरात शेकडो वेळा ही मूठ फिरवतो. जो फिरवत नाही, एकाच ठरावीक शंकूवर पुढे चालत राहतो, त्याच्या मागे झाडाचा शेंडा आणि आतला गाभा कोरडा राहतो. हे कौशल्य मजुरीत कुठे मोजले जात नाही. फवारणीची मजुरी टाकीवर किंवा दिवसावर ठरते, आणि टाकीवर ठरली की टाकी लवकर रिकामी करण्याकडे कल जातो. बागायतदाराने पैसे कशाचे द्यायचे, संपलेल्या पाण्याचे की भिजलेल्या पानाचे, हा प्रश्न अजून बहुतेक ठिकाणी विचारलाच गेलेला नाही.

दाब किती आहे याइतकेच तो स्थिर आहे का, हे महत्त्वाचे. एचटीपी पंपात तीन पिस्टन आळीपाळीने द्रावण ढकलतात, त्यामुळे प्रवाह ठोक्याठोक्याने येतो. हे ठोके शोषून घेण्यासाठी पंपावर हवेची एक कुपी असते. तिच्यातली हवा गेली, पिस्टनचे वॉशर झिजले किंवा झडपेत कचरा बसला की मीटरचा काटा थरथरू लागतो आणि फवारा धडधडत येतो. प्रत्येक ठोक्यात आधी जाड थेंब, मग धुके, मग पुन्हा जाड थेंब. अनुभवी माणूस काटा पाहण्याआधी आवाजावरूनच हे ओळखतो आणि पंप थांबवतो.

नोझलची झीज डोळ्यांना दिसत नाही. पितळी नोझलचे भोक बोर्डो मिश्रणातल्या चुन्याने, पाण्यात मिसळणाऱ्या भुकटीच्या औषधांनी आणि विहिरीच्या पाण्यातल्या बारीक रेतीने हळूहळू मोठे होत जाते. स्टीलचे जास्त टिकते, सिरॅमिकचे सर्वांत जास्त. झिजलेल्या नोझलचा फवारा लांबून ठीकच दिसतो. फक्त मध्ये कुठे तरी एक जाड रेघ उमटते आणि त्या रेघेत थेंब टपोरे असतात. ओळखण्याची खात्रीची रीत साधी आहे: एका मापाच्या भांड्यात मिनिटभर फवारा धरायचा. समजा नवे नोझल ठरावीक दाबाला मिनिटाला ६०० मिलिलिटर देते, आणि जुने ६६० देऊ लागले, तर ते बदलायचे. दहा टक्के वाढ ही सर्वमान्य मर्यादा आहे. हजारो रुपयांचे औषध ज्या भोकातून जाते तो तुकडा फवारणीच्या सगळ्या सामानात जवळजवळ सर्वांत स्वस्त असतो, आणि तरीही तो फुटेपर्यंत किंवा हरवेपर्यंत वापरला जातो. फवारणीतल्या सगळ्या सवयींत ही सर्वांत महाग पडणारी सवय आहे.

नोझल तुंबले तर तारेने किंवा सुईने टोकरायची पद्धत सगळीकडे आहे. त्याने कचरा निघतो, पण भोकाच्या कडेला ओरखडा पडतो आणि पडदा कायमचा वाकडा फाटतो. नोझल काढून पाण्यात ठेवावे, जुन्या दात घासायच्या ब्रशने घासावे, उलट्या बाजूने पाणी सोडावे. तोंडाने फुंकू तर कधीच नये. तुंबणे मुळात टाळायचे असेल तर टाकीच्या तोंडाची, पंपाच्या सक्शनची आणि गनमधली जाळी रोज धुवावी लागते, आणि बोर्डोसाठी चुन्याचे पाणी फडक्यातून गाळून घ्यावे लागते.

पाण्याचाही थेंबात वाटा असतो. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन असतो. चांगले पसरवणारे द्रव्य मिसळले की तो निम्म्याच्या खाली उतरतो. त्यामुळे पानावर पडलेला थेंब पसरतो, पण नोझलच्या तोंडाशी पडदाही सहज फाटतो आणि थेंब काहीसे बारीक होतात. म्हणून स्टिकर जास्त टाकले की फायदाच होईल असे नाही; लेबलवरच्या मात्रेवर थांबावे. प्रवरा आणि मुळा कालव्यांच्या खालच्या भागात बऱ्याच विहिरींचे पाणी क्षारयुक्त आहे. अशा जड पाण्यात काही औषधे नीट विरघळत नाहीत, फुटतात, त्यांची साय येते आणि ती जाळीत बसते. फवारणीआधी बाटलीभर पाण्यात औषधांचे मिश्रण करून पंधरा-वीस मिनिटे ठेवून पाहणे, हा उपाय कोणालाही जमण्यासारखा आहे.

थेंब प्रत्यक्ष कुठे पडले ते पाहण्यासाठी पाण्याला संवेदनशील असा पिवळा कागद मिळतो. पाणी लागेल तिथे त्यावर निळा डाग उमटतो. साधारण २६ बाय ७६ मिलिमीटरच्या या पट्ट्या झाडाच्या शेंड्याला, मध्यावर, आतल्या फांदीला, पानाच्या वर आणि पानाच्या खाली टाचायच्या, नेहमीसारखी फवारणी करायची आणि सुकल्यावर काढून एका ओळीत मांडायच्या. डाग मूळ थेंबाहून मोठा दिसतो, कारण थेंब कागदावर पसरतो. आणि फार दमट हवेत कागद आपोआपच निळा पडतो, म्हणून पावसाळी सकाळी घाई करावी लागते. एवढे सांभाळले तर हा कागद बागेबद्दल जे सांगतो ते दुसरे कोणतेही साधन इतक्या सहज सांगत नाही. बहुतेक बागांत चित्र सारखेच असते. बाहेरच्या वरच्या पानावरची पट्टी पूर्ण निळी, म्हणजे तिथून द्रावण ओघळून गेले. आतल्या फांदीवर तुरळक ठिपके. पानाच्या खालच्या बाजूची पट्टी जवळजवळ पिवळीच. औषध लागत नाही, कंपनी खोटी आहे, कीड आता कशालाच दाद देत नाही, असे म्हणणाऱ्या बागायतदाराला या पट्ट्या दाखवल्या की चर्चा औषधाच्या नावावरून नोझलकडे वळते. जिल्ह्यात बाभळेश्वर आणि दहिगाव-ने येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. अशा चाचणीची माहिती तिथे मागता येते.

थेंबांना आत नेण्याचे काम हवेकडून करून घेता येते. ट्रॅक्टरमागचा ब्लोअर तेच करतो: वर्तुळात लावलेली पोकळ शंकूची नोझल बारीक थेंब करतात आणि पंख्याची हवा पाने हलवून ते आत पोहोचवते. इथे १००-१५० मायक्रॉनचा थेंब योग्य ठरतो, कारण त्याला स्वतःच्या वजनावर प्रवास करायचा नसतो. फार बारीक, ५० मायक्रॉनखालचा थेंब मात्र हवेबरोबर पानाला वळसा घालून निघून जातो, पानावर आदळतच नाही. ब्लोअर कोणत्या वेगाने चालवायचा हे झाडाच्या घेरावर ठरते. वेग जास्त झाला की आतली हवा बदलण्याआधीच ट्रॅक्टर पुढे गेलेला असतो.

गेल्या काही वर्षांत ड्रोन आला. राहुरी विद्यापीठाच्या कास्ट-कासम या संशोधन प्रकल्पात ड्रोन फवारणीवर काम झाले, आणि केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेतून महिला बचत गटांकडे ड्रोन जाऊ लागले. १० लिटरच्या टाकीत एकरभर क्षेत्र होते, तर गनने त्याच क्षेत्राला काही शे लिटर लागतात. पाणी इतके कमी असले की थेंबाचा आकार आणखी निर्णायक ठरतो. बऱ्याच ड्रोनवर फिरत्या चकतीचे नोझल असते. चकतीच्या कडेला खाचा असतात, प्रत्येक खाचेतून द्रावणाचा स्वतंत्र धागा निघतो, आणि सगळे धागे जवळपास एका जाडीचे असल्यामुळे थेंबही बरेच सारखे होतात. चकती जितकी वेगाने फिरेल तितका थेंब बारीक. हे तत्त्व १९४०च्या दशकातच मोजून मांडले गेले होते आणि इंग्लंडमध्ये एडवर्ड बाल्स यांनी त्यावर हातात धरायची फवारणी यंत्रे बनवली. दाबाने पडदा फाडण्यापेक्षा हा मार्ग सरस आहे यात शंका नाही. पण ड्रोनच्या पंख्यांचा झोत थेंब वरून खाली ढकलतो, त्यामुळे वरची पाने छान भिजतात आणि दाट डाळिंबाचा गाभा पुन्हा कोरडा राहतो. ज्वारी, सोयाबीन, कांदा यांना ड्रोन जसा मानवतो तसा डाळिंबाला मानवेलच असे समजू नये.

थेंब अगदी एकसारखा काढायचा झाला तर काय करावे लागते, ते सूक्ष्मप्रवाहाच्या प्रयोगशाळांत पाहायला मिळते. पीडीएमएस नावाच्या पारदर्शक सिलिकॉन रबरात ५० ते १०० मायक्रॉन रुंदीच्या वाटा साच्यावर उठवून घेतात आणि त्याखाली काच चिकटवतात. एका वाटेतून पाणी येते, आडव्या वाटेतून तेल. २००१ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या थॉर्सन आणि सहकाऱ्यांनी अशा टी आकाराच्या सांध्यावर पाण्याचे थेंब पाडून दाखवले. २००३ मध्ये ॲना, बोंतू आणि स्टोन यांनी दुसरी रचना मांडली: मध्ये पाणी, दोन्ही बाजूंना तेल, पुढे एक अरुंद गळा, तेल पाण्याची धार चिमटते आणि थेंब तुटतो. २००६ मध्ये गार्स्टेकी आणि सहकाऱ्यांनी टी-सांध्याबद्दल दाखवले की प्रवाह सावकाश असेल तर थेंबाची लांबी वाटेच्या रुंदीवर आणि पाणी-तेल यांच्या प्रवाहांच्या गुणोत्तरावर ठरते. म्हणून एकामागून एक हजारो थेंब जवळपास त्याच मापाचे पडतात. आकारातला फरक दोन-तीन टक्क्यांत राहतो. प्रवाहाचा वेग वाढवला की धार गळ्यापलीकडे लांबते, आपल्या मर्जीने तुटू लागते आणि सारखेपणा कमी होतो.

या प्रयोगशाळांत काम करणाऱ्यांना ज्या अडचणी येतात त्या एचटीपी पंपावरच्या माणसाला ओळखीच्या वाटतील. पंपाच्या मोटरचे बारीक ठोके थेंबांच्या आकारात दिसतात, म्हणून दाब स्थिर ठेवणारी साधने वापरावी लागतात. धुळीचा एक कण गळ्यात अडकला की सगळे काम थांबते, म्हणून द्रव गाळून घ्यावा लागतो. वाटेच्या भिंतीला तेल धरायला हवे. पाणी धरले तर थेंब भिंतीला चिकटतो. आणि पसरवणारे द्रव्य योग्य मात्रेत नसेल तर शेजारचे थेंब एकमेकांत मिसळतात. अरुंद वाटांतून द्रव हाताळण्याचे शास्त्र महाराष्ट्रातही रुजले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अमोल कुलकर्णी यांनी मायक्रोरिॲक्टरवर केलेल्या कामासह त्यांच्या संशोधनाला २०२०चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

अशा थेंबांचा एक मोठा उपयोग जनुकीय तपासणीत होतो. थेंब-पद्धतीच्या डिजिटल पीसीआरमध्ये २० मायक्रोलिटर नमुन्याचे सुमारे २० हजार थेंब करतात आणि कोणत्या थेंबात शोधत असलेला जनुकीय तुकडा आहे ते मोजतात. प्रत्येक थेंब साधारण एका नॅनोलिटरचा, म्हणजे १२० मायक्रॉनच्या आसपास. डाळिंबाच्या ब्लोअरमधून निघणारा चांगला थेंबही याच मापाचा असतो. फरक संख्येचा आहे. १०० मायक्रॉनचे थेंब सेकंदाला १ हजार या गतीने पाडणारी एक वाट तासाला १.९ मिलिलिटर द्रावण संपवते. ड्रोनची १० लिटरची टाकी तिच्यातून रिकामी करायला ५३०० तास, म्हणजे अहोरात्र चालवूनही २२० दिवस लागतील. समांतर हजारो वाटा बसवण्याचे प्रयत्न औषधनिर्मितीसाठी झाले आहेत, पण रेती आणि चुना असलेल्या द्रावणासाठी त्या वाटा नाहीत. शेताने तिथून यंत्र उचलू नये, शिस्त उचलावी: स्थिर दाब, गाळलेले द्रावण, न झिजलेली वाट आणि बेताचा वेग.

बारीक थेंबाचा शेवटचा हिशेब फवारणाऱ्याच्या अंगावर लिहिला जातो. १०० मायक्रॉनखालचे थेंब नाका-तोंडातून आत जाऊ शकतात, १० मायक्रॉनखालचे फुप्फुसात खोल उतरतात, आणि अंगावर, कपड्यांवर बसलेले औषध कातडीतून शोषले जाते. फवारणीत विष शरीरात जाण्याचा सर्वांत मोठा मार्ग कातडीचाच आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, दमट हवा, औषधांची मिश्रणे आणि अंगावर संरक्षण नाही, हे सगळे तिथे एकत्र आले. अहिल्यानगर जिल्ह्यात शेवगाव आणि पाथर्डीतली कपाशीही पावसाळ्यात छातीला लागते आणि तिथेही पंप पाठीवर घेऊन माणूस तिच्यातूनच चालतो.

म्हणून बागायतदाराने आणि कपाशीवाल्याने हंगामाच्या आधी एवढे करावे. जुने नोझल भांड्यात धरून मोजावे आणि दहा टक्के वाढले असेल तर फेकून द्यावे. दाब पिकाला लागेल तेवढाच ठेवावा, धूर पाहून खूश होऊ नये. फवारणी सकाळी करावी, वाऱ्याकडे पाठ ठेवून मागे सरकत करावी आणि वारा वाढला की थांबवावी. फवारणाऱ्याला मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाहीचे कपडे द्यावेत, आणि काम संपल्यावर अंघोळीला पाणी व साबण द्यावा. मजुरी टाकीवर न ठरवता दिवसावर ठरवावी.